मातीचा खर्च

आमच्या भागात माणूस गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘कवा न्यायचं?’ दुसरा प्रश्न कुणी चारचौघांत विचारत नाही. भावकीतलं एखादं जाणतं माणूस थोरल्या पोराला घराच्या मागं, शेणीच्या हुडव्यापाशी नेतं आणि खालच्या आवाजात विचारतं, ‘पैशाचं कसं केलंय?’ पोरगं म्हणतं, ‘हाय, हाय.’ सगळेच तसं म्हणतात. बापाच्या मातीला पैसे नाहीत हे बोलून दाखवण्यापेक्षा सावकाराच्या दारात जाणं सोपं वाटतं.

आमचे वडील, आप्पा, गेले तेव्हा माझ्या भावानंही तसंच सांगितलं. त्याच्याकडं नव्हते. माझ्याकडंही नव्हते. मी पुण्यात एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. आमचा पगार पावसासारखा, आला तर आला. भावाची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं काढायला लावलेली, आणि जे काही शिल्लक होतं ते आप्पांच्या शेवटच्या आजारपणात एका खासगी दवाखान्यानं धुऊन नेलेलं. त्या दवाखान्याबद्दल लिहायचं ठरवलं तर लेख तिकडंच संपेल, म्हणून ते राहू दे.

खरं सांगायचं तर माती स्वस्त असते. माणदेशातल्या आमच्या गावात लाकूड कुणाच्या तरी बांधावरचं येतं, शेणी घरोघरच्या, बांबू आणि सुतळी, एक मडकं, पांढरं कापड, अबीर-गुलाल, हार. तिरडी बांधणाऱ्याला कुणी पैसे देत नाही आणि तो घेतही नाही. महाग असतं ते अलीकडचं आणि पलीकडचं. अलीकडं दवाखाना आणि शववाहिका. पलीकडं दहावा, तेरावा, मांडव, आचारी, प्रवचनकार महाराज, त्यांचा साउंड, आणि चौकातला तो फ्लेक्स, ज्यावर मेलेल्या माणसाच्या फोटोपेक्षा ‘शोकाकुल’ मंडळींचे फोटो मोठे असतात.

आप्पा माजी सैनिक होते. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणायचे. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो शिपाई म्हणून का उतरलेला असेना. आप्पा शिपाईच होते. चीनच्या लढाईनंतर फौजेची भरती वाढली, त्या लाटेत १९६३ साली ते भरती झाले. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग, मग पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात. सातारा जिल्ह्यात ह्यात सांगण्यासारखं काही विशेष नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, तिथं इंग्रज सरकारनं लावलेला दगड आजही आहे. इथं पोरगं दहावीला बसायच्या आधी धावायला लागतं.

१९७१च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली होती. आप्पा लढाईबद्दल फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट शेकोटीपाशी दरवर्षी व्हायची. आपल्या ब्रिगेडियरनं जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण ये म्हणून चिठ्ठी धाडली. कर्नलनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. इथं आप्पा थांबायचे, विडी पेटवायचे आणि म्हणायचे, ‘मग रातीच्याला आलं की तेच.’ १० डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच ह्या पाकिस्तानी पलटणीनं वेढा फोडायचा प्रयत्न केला तो जंगी पलटणीच्याच अंगावर. सकाळ झाली तेव्हा जमालपूर पडलं होतं. आप्पांनी त्या रात्री काय केलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पेट्या उचलत हुतो.’ दारूगोळ्याच्या.

आणि पुढच्या वर्षी दुष्काळ. १९७२चा. आजोबा त्यातच गेले, धाकटे दोन काका अजून शाळेत, विहिरीला पाणी नाही, जनावरं दावणीला हाडाची. आप्पा नाव कापून, म्हणजे फौज सोडून, घरी आले. नोकरी दहा वर्षांच्या आतबाहेरची, आणि जवानाला पेन्शन बसते ती पंधरा वर्षांवर. म्हणजे ७१च्या लढाईचं ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ काळ्या पेटीत ठेवून आप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला बसले. आई त्यांच्या शेजारी. तिच्या कडेला थोरला भाऊ, हातात सुकडीची वाटी. आप्पांचा एक जोडीदार सहा वर्षं जास्त राहिला. तो शेवटपर्यंत दर महिन्याला बँकेत जायचा, त्याच्या बायकोकडं माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड होतं, कँटीनचं सामान यायचं. दोघांत फरक काय, तर एकाच्या घरी दुष्काळ जरा कमी होता.

पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या सैनिकांसाठी एक अनुदान आहे. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, पासष्टीपुढच्या माणसाला ते मिळतं. पेन्युरी ग्रँट म्हणतात. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्डाकडं जातो. महिना चार हजारांच्या हिशेबानं आप्पांना ते मिळत होतं. आपण हलाखीत आहोत असं लिहून द्यावं लागतं म्हणून आप्पा किती तरी वर्षं अर्जच करत नव्हते. शेवटी आप्पांसारखेच माजी सैनिक असलेल्या सुभेदार तात्यांनी त्यांना मोटारसायकलवर घालून साताऱ्याला नेलं. (ही रक्कम नोव्हेंबर २०२५पासून आठ हजार झाली. आप्पा तोवर नव्हते.)

हे पैसे येतात ध्वजनिधीतून. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून पाळला जातो. शाळेत असताना गुरुजी आम्हाला टाचणीला लावलेले कागदी झेंडे विकायला द्यायचे. मी एसटी स्टँडवर उभी राहून विकायचे, आणि उरलेला एक झेंडा आप्पांच्या सदऱ्याला टोचून त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे. ते मुकाट द्यायचे. सैनिकांसाठी सैनिकाकडूनच वर्गणी घेतोय हे तेव्हा माझ्या डोक्यात यायचं कारण नव्हतं, आणि आप्पांनीही कधी ते बोलून दाखवलं नाही.

आप्पा पहाटे गेले. सकाळी आठच्या सुमारास माझ्या भाच्यानं मोबाइल पुढं केला. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे आणि मनानं चांगला आहे. केटो, मिलाप असल्या ठिकाणी लोक मदतीसाठी पान तयार करतात, तसं त्यानं आजोबांसाठी लिहून काढलं होतं. आप्पांचा वर्दीतला फोटो, मागं फडकणारा तिरंगा, आणि वर ठळक अक्षरांत: ‘देशासाठी रक्त सांडणाऱ्या वीर जवानाला अखेरचा मान मिळवून द्या.’ खाली आमच्या घराचं वर्णन होतं. गळकं छप्पर, आजारी आजी, उद्ध्वस्त बाग. सगळं खरंच. छप्पर गळतं, आई आजारी होती, बाग गेली होती.

मी म्हटलं, रक्त सांडलं नव्हतं रे, पेट्या उचलल्या होत्या.

तो म्हणाला, ‘आत्या, पेट्या उचलल्या लिहिलं तर कोण देणार?’

बरोबर होतं त्याचं. अनोळखी माणसानं अनोळखी मेलेल्यासाठी खिशात हात घालावा तर त्याला एका नजरेत कळेल असं काहीतरी द्यावं लागतं, आणि एका नजरेत कळतं ते एक तर शौर्य नाहीतर दैन्य. आप्पांचं आयुष्य ह्या दोन्हींच्या मधल्या पन्नास वर्षांत गेलं होतं. ते फोटोत येत नाही. मी अशा पानांच्या विरोधात नाही. पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, भावकी तुटलेल्या माणसाला तेच गाव आहे, आणि माझ्या एका सहकारी बाईंच्या नवऱ्याचा इलाज अशाच पैशावर झालेला मी पाहिलेला आहे. पण आप्पा आत पडवीत झोपवलेले होते आणि त्यांच्या छपराचं वर्णन जगाला वाचून दाखवायचं, हे माझ्याच्यानं होईना. मी भाच्याला थांबायला सांगितलं. रागावला तो. ‘मग पैसे कुठनं आणणार तेवढं सांग,’ म्हणाला.

तेवढ्यात सुभेदार तात्या आले. बरोबर सात-आठ म्हातारे, कुणाच्या डोक्यावर बेरेट, कुणाची गांधी टोपीच, एकाच्या छातीवर मेडलांची पट्टी उलटी लागलेली. तात्यांच्या काखेत एक शंभर पानी वही होती, खाकी पुठ्ठा घातलेली. ते पडवीच्या कडेला बसले, चष्मा लावला, आणि पैसे मोजायला लागले.

तालुक्यातल्या माजी सैनिकांनी फार वर्षांपूर्वी आपसात ठरवलेलं आहे. कुणीही गेला की प्रत्येकानं शंभर रुपये द्यायचे, माती व्हायच्या आत ते घरी पोचवायचे. ऐपत असेल त्यानं जास्त द्यावेत, पण वहीत शंभरच लिहायचे. जास्तीचे वेगळ्या पाकिटात जातात, त्यावर नाव नसतं. आता त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तात्यांच्या नातवानं क्यूआर कोड करून दिलाय. त्या सकाळी तात्यांचा मोबाइल सारखा टुणटुण वाजत होता. बेळगावकडचा, खानापूरचा, एक मुंबईत वॉचमन असलेला, एक पोराकडं दुबईला गेलेला. एकानं सवयीनं ५०१ पाठवले. तात्या पुटपुटले, ‘ह्याला कळत न्हाय, दुखवट्याला वरचा रुपाया कशापायी.’ आणि तो एक रुपया त्यांनी खरोखर खिशातून काढून बाजूला ठेवला, देवळाच्या पेटीत टाकायला.

भाऊ मान खाली घालून म्हणाला, ‘तात्या, कशाला तकलीफ घेतली. हाय की आमच्याकडं.’

तात्यांनी वही त्याच्याकडं फिरवली नाही, माझ्याकडं फिरवली. मी बाई माणूस आणि वर शिक्षिका, वाचीन असं त्यांना वाटलं असणार. ‘मागची पानं बघ,’ म्हणाले.

अनुक्रमांक, नाव, युनिट, रक्कम, सही. प्रत्येक मयतासाठी नवं पान, वर मेलेल्याचं नाव आणि तारीख. प्रत्येक पानावर आप्पांची सही होती. ती मला लांबूनही ओळखू आली असती: शेवटच्या अक्षराची शेपटी खालच्या ओळीत घुसवायची त्यांची सवय. भावाला कॉलेजची फी भरायला नव्हती आणि त्यानं शिक्षण सोडलं, त्या साली तीन पानं होती. तिन्हीवर शंभर. टँकरच्या पाण्याचे पैसे थकले त्या उन्हाळ्यात एका पानावर पन्नास लिहिलेले होते आणि समोर तात्यांच्या अक्षरात ‘बाकी ५०’. त्याच्या खाली वेगळ्या शाईनं, महिन्याभरानं, ‘जमा’. आणि सही. कुणा लान्स नायकाच्या मातीचे पन्नास रुपये आप्पांनी हप्त्यानं फेडले होते.

भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानंतर तो ‘हाय, हाय’ म्हणाला नाही. पैसे घेतले, मोजले, वहीत सही केली. भाच्यानं ते पान पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला.

लोक मला नंतर म्हणाले की फौजी लोकांत माणुसकी फार. असेल. पण मला त्या वहीत माणुसकीपेक्षा हिशेब दिसला आणि तो जास्त आवडला. माणुसकीपुढं घेणाऱ्याला वाकावं लागतं. हिशेबात नाही. आप्पांनी इतक्या जणांच्या मातीला पैसे घातले होते, आता त्यांची पाळी आली होती. ह्यात आम्हा पोरांची लाज कुठं बसत होती? आमच्या गरिबीचा इथं काही संबंधच नव्हता. आम्ही बागाईतदार असतो तरी तात्यांनी हीच वही आणून हेच शंभर मोजले असते, आणि आम्हाला ते घ्यावेच लागले असते.

मधे एक प्रकार झाला. गल्लीतल्या पोरांनी तिरंगा आणला. २०२२च्या ‘हर घर तिरंगा’मुळं आता घरोघरी घडी घातलेला झेंडा सापडतो. पोरांना तो आप्पांच्या अंगावर घालायचा होता, भाव चांगलाच होता. तात्या उठले आणि दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. राष्ट्रध्वज संहितेप्रमाणं झेंडा पार्थिवावर घालतात तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीत. केशरी पट्टा डोक्याकडं करायचा, आणि झेंडा चितेत जाऊ द्यायचा नाही, की मातीत पुरायचा नाही. नाव कापून पन्नास वर्षं झालेल्या शिपायासाठी सलामीची तुकडी येत नाही, बिगूल येत नाही. एक पोरगा म्हणाला, ‘तात्या, कोण बघतंय हितं?’ तात्या म्हणाले, ‘आमी बघतोय की.’ पोरांनी झेंड्याची घडी घातली. मला त्या क्षणी तात्यांचा थोडा राग आला होता, हे खरं. पण आप्पाही हेच म्हणाले असते. त्यांचा नियमांवरचा विश्वास नियमांनी त्यांना काय दिलं ह्यावर अवलंबून नव्हता.

स्मशानात त्या सात-आठ म्हाताऱ्यांनी एका ओळीत उभं राहून सॅल्यूट केला. एकानं मोबाइलवर ‘लास्ट पोस्ट’ लावलं, ब्लूटूथच्या स्पीकरला जोडून. आधी पाच सेकंद घराच्या रंगाची जाहिरात लागली. सॅल्यूट तसाच होता, हात खाली कुणाचाच आला नाही. मग बिगूल वाजला. शेवटी कुणीतरी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की’ म्हटलं आणि ‘जय’ म्हणताना एकाला खोकल्याची उबळ आली.

रक्षा आम्ही नदीला नेली नाही. शेतात खड्डा काढून त्यात सोडली आणि वर आंबा लावला, आता आमच्याकडं बरेच जण तसंच करतात. तेराव्यावरून मात्र घरात वाजलं. चुलत्यांना मोठं जेवण हवं होतं, बुंदी हवी होती, महाराजांचं प्रवचन हवं होतं. ‘मेजरचं तेरावं असं न्हाय भागायचं.’ मी म्हटलं, वहीतला एक रुपया बुंदीला जाणार नाही. बाई माणसानं तेराव्यात तोंड घालावं हे कुणाला रुचलं नाही, पण पैशाची पिशवी माझ्याकडं होती. आमटी-भात केला. शववाहिकेचं भाडं आणि मेडिकलवाल्याची उधारी त्याच दिवशी दिली. दवाखान्याचं बिल अजून थोडं फिटायचं आहे.

आता आईबद्दल.

आप्पांच्या मागं आई वर्षभर राहिली. तिच्याबद्दल लिहायला घेतलं की वर्दी नाही, मेडल नाही, जमालपूर नाही. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना लग्न होऊन आली आणि नवरा सुट्टी संपवून सीमेवर गेला. तिची पलटण म्हणजे सासू, दोन लहान दीर, चार जनावरं आणि पोस्टमन. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर आप्पा दोन ओळी लिहायचे. ते तुकडे तिनं पिठाच्या डब्यात, पिठाखाली ठेवले होते, कारण घरात उचकाउचकी न होणारी तेवढी एकच जागा होती. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं एकदा वाचून दाखवलेलं तिनं पाठ करून टाकलेलं असायचं. १९७१ साली पाच-सहा आठवडे मनीऑर्डर आली नाही, तेव्हा तिनं काय केलं असं मी एकदा विचारलं. ‘काय करायचं? दळान संपलं, दळलं.’

आणि वहीतल्या त्या शंभराचं सांगते. आप्पांकडं पैसे कुठं असायचे? कोंबड्या आईच्या होत्या. अंड्यांचे पैसे ती लुगड्याच्या गाठीत ठेवायची. ‘आमका गेला,’ असा निरोप आला की आप्पा दारात उभे राहायचे आणि ती गाठ सोडायची. आप्पांची सही ज्या ज्या पानावर आहे, त्यांतली निदान निम्मी पानं अंड्यांवर भरलेली आहेत. बाकीचे पन्नास जमा झाले तेही त्यांतूनच, असं मला आता वाटतं.

आप्पांच्या मागं तिच्या नावानं अनुदानाचा अर्ज केला होता, पेन्शन नसलेल्या सैनिकाच्या विधवेलाही ते मिळतं. कागद जमेपर्यंत तीच राहिली नाही.

ती गेली तेव्हा तात्या आले, पुढं बसले, डोळे पुसले. वही आणली नव्हती. आणायची रीतच नाही. वही सैनिकाची असते. तात्यांनी आपले स्वतःचे पाचशे भावाच्या हातात दाबले आणि ‘वहिनीनं लई चहा पाजला’ म्हणाले. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. टुणटुण वाजलं, पण पैशाचं नव्हे.

आईच्या मातीचे पैसे दुसऱ्याच दारानं आले, मागच्या. सकाळपासून बाया येत होत्या त्या चुलीकडच्या दारानं. कडू घासाच्या भाकरी घेऊन आलेल्या, फडक्यात बांधून, आणि भाकरीच्या चळतीखाली नोट. दोनशेची, शंभराची, एका म्हातारीची तर दहा-दहाच्या सात. कुणी बोललं नाही, कुणी लिहिलं नाही. एकीनं साखरेचा पुडा ठेवला, एकीनं भरलेला सिलिंडर पोराच्या डोक्यावरून पाठवला आणि रिकामा घेऊन गेली. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी गटातून दहा हजार उचलायला सांगितले. गटाचं कर्ज म्हणजे शेकडा दोन रुपये व्याज, पण ह्याला व्याज लावायचं नाही असं त्यांनी तिथंच चुलीपाशी, चौघींच्या माना हलवून घेऊन, पास केलं. कोरमबिरम झाला होता की नाही कुणास ठाऊक.

मी वही घेऊन बसले होते. सवयीचा परिणाम. पेन उघडून एकीला विचारलं, ‘काकी, किती लिहू?’ तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पेन मिटलं. तिच्या सुनेच्या बाळंतपणात आई आठवडाभर तिच्याकडं निजायला गेली होती, ते कुठं लिहिलेलं होतं? बायकांच्या ह्या देण्याघेण्याची वही कुणी घालत नाही म्हणून ते मोठं आहे, असं म्हणायचा मला मोह होतो. पण तो मोह मी आवरते, कारण न लिहिल्याचा फायदा नेहमी दुसऱ्यालाच होतो. आप्पांची पन्नास वर्षांची सही पुराव्याला होती म्हणून माझा भाऊ ताठ मानेनं पैसे घेऊ शकला. आईच्या वेळी तो परत हुडव्यापाशी उभा होता आणि ‘हाय, हाय’ म्हणत होता.

म्हणून मी माजी सैनिकांच्या संघटनेला अर्ज लिहिला. माजी सैनिकाची पत्नी वारल्यास सैनिकाप्रमाणेच प्रत्येकी शंभर रुपये जमा करून वहीत त्यांची नोंद करावी. संघटनेनं मला आप्पांच्या जागी ग्रुपवर ठेवलेलं आहे, मी दर मयताला शंभर भरते, त्यामुळं अर्ज करायचा मला हक्क आहे असं मी त्यात लिहिलं. थोडं कडक लिहिलं.

सभा झाली. शाळेच्या खोलीत, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पंचवीस-तीस म्हातारे आणि मी. चांगला तासभर वाद झाला. एक म्हणाला, बायका आधी जात नाहीत, मागंच राहतात, मग त्यांच्यासाठी भरायला सैनिक राहणार कोण? मुद्दा बिनतोड होता, थोडा वेळ सगळे गप्प बसले. एक म्हणाला, दोन-दोन बायका असलेल्यांचं काय? त्यावर हशा झाला आणि ज्याच्याकडं बघून झाला त्यानं तपकीर ओढली. शेवटी तात्यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सैनिकाला शंभर, पत्नीला पन्नास.

मी उभी राहिले. विचारलं, निम्मे का?

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘पोरी, सरकार फॅमिली पेन्शन किती देतंय? तीस टक्के. आमी पन्नास दिलं.’

खोलीत टाळ्या पडल्या. तात्यांना आपला हजरजबाब इतका आवडला की ते स्वतःच हसले, आणि खरं म्हणजे मलाही हसू आलं. पण मी ठरावाच्या खाली ‘अमान्य’ असं लिहून सही केली आहे, वहीतच, तारखेसकट. पुढची सभा ७ डिसेंबरला, ध्वजदिनाच्या कार्यक्रमानंतर. माझा फेरअर्ज विषयपत्रिकेवर पाचवा आहे. चौथा विषय चहापाण्याच्या खर्चाचा आहे आणि तो लवकर संपेल असं वाटत नाही.